टांकसाळीची चूक

चांदीच्या जुन्या रुपयांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत ठसा चुकलेल्या नाण्यास मोठा मान आहे. ठसा एका अंगास सरकलेला किंवा दुहेरी उमटलेला रुपया दिसला, कीं ते निर्दोष रुपयाहून त्यास अधिक किंमत देतात. या छंदास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्यास आपण चूक म्हणतों, ती चूक म्हणून केव्हांपासून गणली जाऊं लागली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचें उत्तर जालन्यासारख्या पेठेंत चांगलें मिळतें.

‘जालना सोने का पालना’ अशी ज्याची ख्याति, तें हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. शेजारच्या वऱ्हाडांत १८५३ पासून इंग्रजी अंमल. त्यामुळें येथील सराफास हाली आणि कळदार या दोन्ही रुपयांची पारख ठेवावी लागे. सात हाली म्हणजे सुमारें सहा कळदार, असा हिशेब असे.

जुना हाली रुपया हातानें पाडलेला. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर घण घालीत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें सगळा मजकूर सहसा उमटत नसे. एका रुपयावर सन सांपडावा, तर टांकसाळीचें नांव कांठाबाहेर राहावें. यास दोष कोण मानणार? सराफ वजन पाही, कस पाही, नाद ऐके, प्रसंगीं आपली खूण ठोकी, आणि उणें असेल तेवढा बट्टा कापी. अब्रूस बट्टा लागला असें आपण म्हणतों, तेव्हां त्याच पेढीची भाषा बोलत असतों.

कळदार म्हणजे कळेनें, यंत्रानें पाडलेला. हैदराबादेसही १९०३-०४ पासून चारमिनाराचें चित्र असलेला यंत्राचा रुपया निघूं लागला. एक रुपया दुसऱ्यासारखा हुबेहूब असावा ही अपेक्षा यंत्रानें निर्माण केली, आणि तिच्याबरोबरच चूकही जन्मास आली. तरी प्रत्येक फरक चूक नव्हे. १९११ सालीं उस्मान अली खान गादीवर आल्यानंतरच्या आरंभींच्या रुपयांत चारमिनाराच्या दारांतील ‘ऐन’ हें अक्षर अपुरें आहे, पुढील रुपयांत पूर्ण आहे. हा ठशांतला बदल होय.

खरी चूक निराळी. आधींचें नाणें वरच्या ठशास चिकटून राहिलें, तर पुढील चकतीवर त्याचीच आकृति उलटी आणि खोलगट उमटते. अशा नाण्यांचीं सोंगेंही बाजारांत येतात. दोन रुपये शेगड्यांत दाबले, कीं खोलगट खूण होते, पण दुसरी बाजू चेपते. घेणाऱ्यानें ती बाजू आधीं पाहावी.

आम्हांस खरी काळजी वेगळीच वाटते. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांवर असेल, तर सरकारास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. तो डावलून हंड्यांतला एक वांकडा रुपया संग्राहकाकडे जातो आणि शंभर सरळ रुपये मुशींत जातात. पण टांकसाळीची रीत त्या शंभरांवरूनच कळते. ते आटले, म्हणजे उरलेल्या एकाचा वांकडेपणा कशावरून ठरवावयाचा?