कालबैशाखीच्या पोटातला टोर्नेडो

टोर्नेडो म्हटले की कॅन्सस आणि ओक्लाहोमाची सपाट शेते डोळ्यांपुढे येतात. जगात सर्वाधिक टोर्नेडो अमेरिकेतच नोंदले जातात, वर्षाला साधारण १२००. पण एका टोर्नेडोने सर्वाधिक माणसे मारली ती बंगालमध्ये. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरिया भागावरून गेलेल्या टोर्नेडोने सुमारे १३०० जीव घेतले. अमेरिकेतला सर्वांत घातक टोर्नेडो १८ मार्च १९२५ चा, त्यात ६९५ माणसे गेली. तरीही जगाच्या टोर्नेडो-नकाशावर बंगाल फिका दिसतो. माझ्या मते हा फिकेपणा हवेमुळे आलेला नाही, तो मोजणीमुळे आलेला आहे.

आधी हवेचे पाहू. कॅन्ससला मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार वारा मिळतो, नैऋत्येच्या उंच पठारांवरून कोरडा, तापलेला वारा येतो आणि या दोहोंच्या वर वेगवान पश्चिमी वारे वाहतात. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेचा असला, की मेघगर्जनेच्या ढगाला पीळ बसतो. बंगालमध्येही हीच मांडणी आहे. दमट वारा बंगालच्या उपसागराचा, कोरडा वारा छोटा नागपूरच्या पठाराकडचा, आणि मार्च ते मे या काळात हिमालयाच्या दक्षिणेने वाहणारे पश्चिमी वारे वरती. वैशाखातल्या या वादळांना तिथले लोक कालबैशाखी म्हणतात. आपला वळीव याच ऋतूतला, पण दख्खनवर त्या उंच वाऱ्यांचा जोर एवढा नसतो. अँडीजमुळे आणि ॲमेझॉनच्या ओलाव्यामुळे अर्जेंटिनाची मैदानेही याच कुळातली ठरतात. १० जानेवारी १९७३ रोजी तिथल्या सान हुस्तो गावाने टोर्नेडोचा अनुभव घेतला.

यावर कोणी म्हणेल, बंगालमध्ये वस्तीच इतकी दाट आहे, की साध्या वादळातही शेकडो मरतील. त्यावरून टोर्नेडोचा प्रदेश कसा ठरतो? वस्तीमुळे मृतांचा आकडा फुगतो, हे मान्यच करायला हवे. पण तारखा पाहा. ८ एप्रिल १८३८ ला कलकत्त्याजवळ २१५ मृत. ७ एप्रिल १८८८ ला ढाक्यात शंभरावर. १४ एप्रिल १९६९ ला पुन्हा ढाका, १३ मे १९९६ ला टांगाईल. वस्ती श्रावणातही तेवढीच दाट असते, ओलावा तर अधिकच असतो, तरी तेव्हा असे संहार दिसत नाहीत. कारण पावसाळा सुरू होताच पश्चिमी वारे हिमालयाच्या उत्तरेला सरकतात आणि ढगांना पीळ घालणारेच कोणी उरत नाही. ही सगळी सरळ रेषेतली वाऱ्याची झोड असेल, ही शंकाही टिकत नाही. झोड रुंद पट्ट्यावर पडते. १८३८ च्या वादळाचा माग तेव्हाच नोंदला गेला, तो लांब पण अरुंद होता.

आता मोजणीचे. अमेरिकेत १९५० साली २०१ टोर्नेडो नोंदले गेले होते. आजचा आकडा त्याच्या सहापट आहे, पण वाढ मुख्यतः दुबळ्या टोर्नेडोंची आहे. रडार, निरीक्षक आणि कॅमेरे वाढले, म्हणून पूर्वी निसटणारे आता सापडतात. त्याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक घाबरतील म्हणून हवामानाच्या अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच मनाई झाली होती, आणि ती अनेक दशके टिकली. पहिला यशस्वी अंदाज दिला गेला तो २५ मार्च १९४८ रोजी, ओक्लाहोमातल्या एका हवाईतळावर. याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८४८ मध्ये, कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला होता. तो अमेरिकेत इतका रुजला, की कॅन्ससचे शेतकरी टोर्नेडोलाही सायक्लोनच म्हणू लागले. शब्द बंगालमधून गेला, पण मोजणीची यंत्रणा बंगालमध्ये आली नाही.

मोजपट्टीतही हा पक्षपात शिरला आहे. १९७१ मध्ये तेत्सुया फुजिता यांनी मांडलेली श्रेणी वाऱ्याचा वेग पडझडीवरून ताडते, आणि तिच्यामागे अमेरिकी घरे आहेत. बांबूच्या कुडाचे, पत्र्याच्या छपराचे घर मध्यम वाऱ्यातही जमीनदोस्त होते. त्याहून दुप्पट वेगाने वारा आला तरी पडायला पुढे काही उरत नाही. उडालेले पत्रे माणसांना चिरत जातात, आणि श्रेणी लावणाऱ्याच्या हाती उरतो तो मृतांचा आकडा.