थ्रेड : फ्रॉइडचे घर आणि मार्थाच्या मेणबत्त्या

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड व्हिएन्नातील बर्गगासे या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या इमारतीत १८९१ पासून १९३८ पर्यंत, म्हणजे तब्बल ४७ वर्षे राहिला. घर आणि दवाखाना एकाच इमारतीत. मनाच्या बेबंद, अंधाऱ्या थराचा शोध घेणाऱ्या या माणसाची दिनचर्या मात्र घड्याळाच्या काट्याला बांधलेली होती.

सकाळी ८ पासून रुग्ण; प्रत्येकाला ५५ मिनिटे. दुपारी १ च्या ठोक्याला सारे कुटुंब जेवायला बसे. उकडलेले गोमांस फ्रॉइडच्या विशेष आवडीचे. जेवताना तो फारसा बोलत नसे. नुकतीच विकत घेतलेली एखादी प्राचीन मूर्ती ताटासमोर ठेवून तिच्याकडे पाहत राही. (अशा दोन हजारांहून अधिक वस्तू त्याने जमवल्या होत्या.) मग रिंगश्ट्रासे या राजमार्गावरून झपाझप फेरी, वाटेत सिगारांची खरेदी. दिवसाला सुमारे २० सिगार! १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग उघड झाला, पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. तिसऱ्या प्रहरी पुन्हा रुग्ण, ते रात्री ९ पर्यंत. त्यानंतर भोजन, थोडे चालणे आणि मध्यरात्र उलटेपर्यंत लेखन. शनिवारी रात्री मित्रांसोबत टारोक हा पत्त्यांचा खेळ, रविवारी सकाळी आईची भेट.

हे घड्याळ चालू ठेवणारे हात मार्थाचे होते. सहा मुले, नोकरचाकर, १८९० च्या दशकात कायमची राहायला आलेली धाकटी बहीण मिना आणि वेळेवर वाढले जाणारे ताट, हा सारा व्याप तिचा. फ्रॉइडच्या ग्रंथांचे खंड मोजताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

मार्था हॅम्बुर्गच्या धर्मनिष्ठ ज्यू घराण्यातली. आजोबा आयझॅक बेर्नाइस तेथील मुख्य धर्मगुरू. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गृहिणीने साबाथच्या मेणबत्त्या लावायच्या, हा त्या घरचा रिवाज. आपल्याकडच्या सांजवातीसारखाच तो घरातल्या स्त्रीचा मान. १८८६ मध्ये विवाह झाला आणि पहिल्याच शुक्रवारी नास्तिक पतीने त्या लावण्यास मनाई केली. आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक प्रसंगांपैकी तो एक होता, असे मार्थाने पुढे एका नातलगास सांगितले.

धर्म हा भ्रम आहे, असे फ्रॉइडने १९२७ मध्ये पुस्तक लिहून मांडले. तो त्याचा प्रामाणिक विचार होता, यात शंका नाही. परंतु स्वतःचा शनिवारचा डाव आणि रविवारची भेट निष्ठेने पाळणाऱ्याला पत्नीचा शुक्रवार मात्र सोसला नाही. दुसऱ्याच्या मनात खोल उतरणारी ती दृष्टी स्वतःच्या जेवणघरात पोहोचली नाही, असेच म्हणावे लागते.

जून १९३८ मध्ये नाझींच्या छळामुळे कुटुंबाने व्हिएन्ना सोडले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये फ्रॉइडचे निधन झाले. त्यानंतर, वयाच्या ७८ व्या वर्षी, मार्था शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा मेणबत्त्या लावू लागली.