ताकदीचं इंजेक्शन, इबोला आणि एक वाचलेलं बाळ

मागच्या आठवड्यात एक सासूबाई पाच महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन आल्या. तपासणी झाली, रिपोर्ट पाहिले, सगळं ठीक होतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला एखादं ताकदीचं इंजेक्शन मारा ना. गोळ्यांनी अंगाला काही लागत नाही." मी समजावलं की हिमोग्लोबिन साडेदहा आहे, लोहाच्या गोळ्या आणि नीट जेवण एवढं पुरे. त्या नाराज होऊनच गेल्या. इंजेक्शन न देणारा डॉक्टर म्हणजे अर्धा डॉक्टर, हे मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे!

त्या गेल्यावर मला यांबुकू आठवलं. आज तुम्हाला त्या गावाची गोष्ट सांगायची आहे. इबोलाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल, पण या आजाराच्या इतिहासात गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांच्या वाट्याला काय आलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

यांबुकू आफ्रिकेत आहे, आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात. १९७६ साली या देशाचं नाव झाईर होतं. तिथे बेल्जियमच्या नन्स १२० खाटांचं मिशन हॉस्पिटल चालवत. डॉक्टर नव्हता. सगळा कारभार नन्स आणि स्थानिक नर्स सांभाळत. ओपीडी आणि गरोदर बायकांची तपासणी यासाठी रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया दिल्या जात. एका पेशंटला टोचलं की कोमट पाण्याच्या भांड्यात सुई खळबळायची आणि पुढच्याला टोचायची. दिवसभर हेच.

ऑगस्टच्या शेवटी तिथल्या शाळेतला एक शिक्षक ताप घेऊन आला. मलेरिया समजून त्याला क्लोरोक्विनचं इंजेक्शन दिलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या गावांत माणसं ताप, उलट्या, जुलाब आणि रक्तस्रावाने जाऊ लागली. हॉस्पिटलच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण गेले आणि हॉस्पिटलला कुलूप लागलं. एकूण ३१८ रुग्ण, त्यातले २८० मृत्यू. इबोला नदीचं नाव या नव्या विषाणूला मिळालं.

तपास करायला आलेल्यांत काँगोचे डॉक्टर मुयेंबे होते आणि बेल्जियमचे २७ वर्षांचे पीटर पियो होते. रुग्णांच्या याद्या मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. तरुण बायका त्यात फार जास्त होत्या. पुरुष आणि बायका एकाच घरात राहतात, एकच अन्न खातात, मग असं का? उत्तर मिळालं ते गरोदर बायकांच्या तपासणीत. या बायका नियमित तपासणीला येत आणि तिथे त्यांना ताकदीची इंजेक्शनं दिली जात. त्याच पाच सिरिंजांनी!

ज्यांना फक्त सुईतून लागण झाली, त्यांच्यातलं कुणीही वाचलं नाही. स्पर्शातून येणारा विषाणू थोडा थोडा येतो. सुईतून तो थेट रक्तात जातो, आणि भरपूर जातो.

यांबुकूच्या साथीत ८२ गरोदर स्त्रियांना इबोला झाला. त्यातल्या ७३ गेल्या. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या बायकांचा गर्भपात झाला. ११ बाळं जिवंत जन्मली आणि १९ दिवसांच्या आत ती सगळी गेली. या ११ बाळांच्या मृत्यूला एकटा विषाणू जबाबदार होता असं मी म्हणणार नाही. आई नाही, दूध नाही, हॉस्पिटल बंद, आणि जवळ घ्यायला प्रत्येक जण घाबरतो आहे, अशा बाळाला साधा जुलाबही पुरतो. पण पुस्तकात एकच ओळ गेली: इबोला झालेल्या आईचं बाळ जगत नाही.

१९९५ मध्ये त्याच देशात किकवीट शहरात मोठी साथ आली. तिथे १५ गरोदर स्त्रियांची नोंद झाली, १४ गेल्या. एकच बाळ दिवस भरून जिवंत जन्मलं, तेही तीन दिवसांत गेलं. पुस्तकातली ओळ आणखी ठळक झाली.

आता थोडं शास्त्र. आईच्या रक्तातला इबोला विषाणू वारेत शिरतो. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधली चाळणी. पण या विषाणूला ती अडवत नाही, उलट तिथेच तो वाढतो आणि पलीकडे बाळापर्यंत जातो. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नसते, त्यामुळे बहुतेक वेळा बाळ पोटातच दगावतं. दुसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. आई बरी झाली, तिच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तरी गर्भजलात तो कित्येक आठवडे राहू शकतो. म्हणजे बरी होऊन घरी गेलेली बाई महिन्याभराने बाळंत होते, आणि त्या वेळी तिच्याजवळ असलेल्या सुईणीला किंवा नर्सला लागण होऊ शकते. अंगावरच्या दुधातही विषाणू काही काळ सापडतो.

गरोदरपणात रक्तस्राव, पोटात कळा, गर्भपात ही इबोलाची लक्षणं आहेत आणि साध्या बाळंतपणातल्या गुंतागुंतीचीही आहेत. दोन्ही डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. याचा अर्थ काय झाला, ते २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसलं. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत मिळून २८,००० च्या वर रुग्ण आणि ११,००० च्या वर मृत्यू झाले. अंगावरून जाणाऱ्या गरोदर बाईला हात लावायला कुणी तयार नसायचं. इबोलाचा संबंधही नसलेल्या कितीतरी बायका हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवल्या गेल्या.

लायबेरियाच्या सॅलोमी कारवा यांचं उदाहरण देतो. त्या स्वतः इबोलातून वाचल्या, मग इबोला केंद्रातच नर्सचं काम केलं, आणि २०१४ मध्ये 'टाइम' मासिकाने वर्षातल्या व्यक्ती म्हणून ज्या इबोलायोद्ध्यांना निवडलं त्यांत त्या होत्या. साथ संपल्यानंतर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सिझेरियननंतर त्यांना घरी झटके आले. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर कर्मचारी त्यांना हात लावायला घाबरले, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. त्या गेल्या.

त्याच साथीत २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लशीची मोठी चाचणी झाली आणि लस उपयोगी ठरली. चाचणीतून गरोदर बायकांना वगळलं होतं. औषधांच्या बहुतेक चाचण्यांतही तेच. कारण ओळखीचं आहे, बाळाला धोका नको. पण हा आजार बाळाला जवळपास शंभर टक्के मारतो असं आपणच लिहून ठेवलं होतं. मग लशीने त्याहून वाईट काय होणार होतं? हा प्रश्न तेव्हा काही डॉक्टरांनी विचारलाही. ऐकायला वेळ लागला.

ऑक्टोबर २०१५ च्या शेवटी गिनीची राजधानी कोनाक्री इथल्या इबोला केंद्रात एक मुलगी जन्मली. आईला इबोला होता, ती बाळंतपणानंतर लगेचच गेली. बाळाच्या रक्तातही विषाणू सापडला. आतापर्यंतच्या हिशोबाने हे बाळ जाणारच होतं. तिथल्या डॉक्टरांनी तसं मानलं नाही. तिला झेडमॅप नावाची अँटिबॉडी दिली, इबोलातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिल्या, आणि तेव्हा फक्त जीएस-५७३४ एवढ्या नंबराने ओळखलं जाणारं एक नवं औषध दिलं. जोडीला चोवीस तास नर्सिंग होतंच. महिन्याभरात बाळ बरं होऊन केंद्राबाहेर आलं. जन्मतः इबोला असून वाचलेलं, नोंद असलेलं हे पहिलं बाळ.

या जीएस-५७३४ ला तुम्ही चांगलं ओळखता. तेच रेमडेसिव्हिर! एप्रिल २०२१ मध्ये ज्याची चिठ्ठी घेऊन नातेवाईक मेडिकलच्या दारात रात्र रात्र उभे होते, ते.

कोव्हिडचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर स्त्रियांना लस नव्हती. परवानगी जुलैच्या सुरुवातीला आली, दुसरी लाट ओसरल्यावर. माझी एक पेशंट, पाच महिन्यांची गरोदर शिक्षिका, मार्चमध्ये विचारायला आली होती. मी म्हटलं, थांबा, नियम नाही, आणि घाई कशाला? मे महिन्यात तिला ऑक्सिजन लागला. ती आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. नियम मी केला नव्हता हे खरं, पण 'घाई कशाला' हे शब्द माझे होते. इबोलाचा हा इतिहास मी नीट वाचला तो त्यानंतर.

काँगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० या काळात पुन्हा मोठी साथ आली, ३,४०० च्या वर रुग्ण. तिथेही लस सुरुवातीला गरोदर बायकांना नाकारली गेली. २०१९ मध्ये नियम बदलला. औषधांच्या चाचणीत मात्र या वेळी गरोदर बायका आणि तान्ही बाळं दोन्ही होती. चार औषधांची तुलना झाली, त्यात दोन अँटिबॉडी उजव्या ठरल्या. त्या घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं. गंमत म्हणजे रेमडेसिव्हिर या तुलनेत मागे पडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या नोंदी पुन्हा तपासल्यावर असंही दिसलं की गरोदर बायका इतर बायकांपेक्षा फार जास्त प्रमाणात जातात, ही समजूत तितकीशी पक्की नाही. बाळांची परिस्थिती मात्र अजूनही कठीणच आहे.

त्या दोन अँटिबॉडींपैकी एक मुळात किकवीटच्या १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून मिळाली. जिथे १५ गरोदर बायकांपैकी १४ गेल्या, तेच किकवीट. २०२० मध्ये अमेरिकेत दोन्ही औषधांना मान्यता मिळाली आणि मान्यतेच्या मजकुरात इबोला झालेल्या आईच्या नवजात बाळाचा स्पष्ट उल्लेख आहे. ही औषधं इबोलाच्या झाईर प्रकारावरच चालतात. युगांडात अधूनमधून येणाऱ्या सुदान प्रकारावर नाहीत.

आपल्याकडे इबोलाची साथ आलेली नाही, त्यामुळे काळजी करत बसू नका. सुईचं मात्र लक्षात ठेवा. इंजेक्शन घ्यायची वेळ आलीच तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या.

आणि त्या सासूबाईंच्या सुनेला मी चार आठवड्यांनी बोलावलं आहे, हिमोग्लोबिन पुन्हा बघायला. गोळ्या चहासोबत घेऊ नको, एवढं तेवढं तिला सांगायचं राहिलं.