फक्त बसायचं

जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. तिथे गेलो की मी पेलिकन पक्ष्याच्या रूपातल्या चांदीच्या पात्रापुढे थांबतो. सतराव्या शतकातलं काम. हा पक्षी स्वतःचं रक्त पाजून पिल्लं जगवतो अशी युरोपात जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक झाला. या पात्रात परमप्रसादाची भाकर ठेवायची आणि तिच्यापुढे बसायचं.

मिस्सेत अर्पण केलेल्या भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो, ही कॅथलिक श्रद्धा. पूर्वी ती भाकर राखून ठेवत ती मुख्यतः आजाऱ्यांसाठी. ती डोळे भरून पाहायची ओढ वाढली बाराव्या-तेराव्या शतकात. आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या ज्युलियाना या संन्यासिनीच्या आग्रहावरून १२४६ मध्ये तिथल्या बिशपांनी परमप्रसादाचा सण ठरवला. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी तो सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. पुढे भाकर दिसावी म्हणून खास पात्रं घडू लागली. पोर्तुगीज त्यांना 'कुश्तोदिया' म्हणतात. लिस्बनची प्रसिद्ध बेलेंची कुश्तोदिया १५०६ ची. तिचं सोनं वास्को द गामाने पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याच्या राजाकडून खंडणी म्हणून आणलेलं.

खंडणी हा शब्द आला की माझ्यातला मंगेशाचा कुळावी जागा होतो. आमचा देव १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. ज्या सत्तेमुळे तो हलला, तिच्याच जहाजांतून ही आराधना गोव्यात आली. हे विसरून मला तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

काही वर्षांमागे कचेरीतल्या एका बाईंचे यजमान फार आजारी होते. दर गुरुवारी काम सुटल्यावर त्या आराधनेला जात. एकदा मला म्हणाल्या, "तुमीय येयात. कांय करपाचें ना, फकत बसपाचें."

गेलो. वेदीवर कुश्तोदिया, तिच्यात ती पांढरी, पातळ, गोल भाकर. पन्नासेक माणसं, आणि कोणीच बोलत नव्हतं. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात पूर्वजांना उत्तरं देत होतो. मग बाईंकडे लक्ष गेलं. त्यांचे ओठही हलत नव्हते. त्या नुसत्या बघत होत्या. माझी आई मंगेशीला गाभाऱ्यासमोर अशीच बसायची. काय मागितलंस विचारलं तर म्हणायची, "मागायला कशाला? बघायला गेले होते."

शेवटी घंटा झाली. पाद्रींनी कुश्तोदिया उचलून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी गुडघे टेकले. मी नाही टेकले. हात मात्र जोडले गेले.

यजमान त्या पावसाळ्यात गेले. बाई अजूनही गुरुवारी जातात. इतिहासाचा हिशेब माझ्यापुरता मिटलेला नाही, तो मिटावा असंही नाही. पण संग्रहालयात त्या पेलिकनपुढे उभा राहिलो की आता सनावळीआधी बाईंची ती नजर आठवते.