कमी दिवसांच्या बाळांची श्वसनाची औषधे आणि वर्तनावरील परिणाम

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील श्वसनकेंद्र पुरेसे परिपक्व नसते. त्यामुळे बाळाचा श्वास मधूनच थांबतो. हा खंड २० सेकंदांहून अधिक लांबला, किंवा त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावले अथवा अंग निळसर पडले, तर त्यास ‘अॅप्निया’ म्हणतात. त्यावर पूर्वी अमिनोफायलिन व थिओफायलिन वापरत. आता कॅफिन सायट्रेटला प्राधान्य दिले जाते.

मेंदूला शांत ठेवणाऱ्या अॅडेनोसिनची क्रिया ही औषधे रोखतात. श्वासाला चालना मिळते, तशीच बाळाची अस्वस्थताही वाढू शकते. चिडचिड, हातापायांची थरथर, जलद ठोके, दूध न पचणे ही लक्षणे दिसतात. प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफिन सुमारे पाच तासांत निम्मे होते; या बाळांत त्यास चार दिवसही लागतात. म्हणूनच औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो.

बाळ पुढे चंचल होईल का, ही पालकांची खरी चिंता. कॅफिनची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी जन्मतः ५०० ते १२५० ग्रॅम वजनाच्या २००६ बाळांवर झाली. पहिल्या काही आठवड्यांत वजन थोडे कमी वाढले. मात्र दीड ते पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण ७.३ टक्क्यांऐवजी ४.४ टक्के आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकराव्या वर्षीच्या तपासणीत वर्तनदोष वाढल्याचे दिसले नाही. हालचालींतील दोष मात्र कमी होते.

डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची गोष्ट वेगळी. फुप्फुसे सुधारण्यासाठी ते जन्मानंतर लगेच दिलेल्या मुलांत शालेय वयात बुद्ध्यंक व हालचालींचे कौशल्य कमी आढळले. त्यामुळे २००२ मध्ये अमेरिका व कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच्या सरसकट वापराविरुद्ध सल्ला दिला. गर्भवतीला प्रसूतीपूर्वी देण्यात येणारी स्टिरॉइडची इंजेक्शने मात्र निराळी व उपयुक्त आहेत.

थरथरणारा हात हलकेच धरल्यावर थांबला, तर ती बहुधा साधी थरथर असते. धरूनही झटके चालूच राहिले, तर आकडीची शक्यता असते. डॉक्टरांना ताबडतोब सांगावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अस्वस्थता बहुतेक वेळा मात्रा कमी करून आटोक्यात येते. थांबलेला श्वास जिवावर बेतू शकतो.