पकड आणि टिकाऊपणा : मोटारसायकलच्या टायरची कथा



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा पुतण्या एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. त्याच्यापाशीं दूरच्या प्रवासाची एक वेगवान व वजनदार मोटारसायकल आहे. जिला हल्लीं 'स्पोर्ट टूरिंग' म्हणतात त्या जातीची. तिचे दोन्ही टायर झिजले होते. दुकानांत त्याला दोन जोड दाखविण्यांत आले. एक जोड पुष्कळ दिवस चालेल, असें दुकानदार म्हणाला. दुसरा तितका टिकणार नाहीं, परंतु रस्ता अधिक घट्ट धरील. किंमतींत फारसें अंतर नव्हतें. "काका, तुम्ही सांगा, कोणता घेऊं?" असें त्यानें विचारलें.

हा प्रश्न मला हलका वाटला नाहीं. १९८४ सालच्या जुलै महिन्यांत कुंभार्ली घाट उतरत असतां माझी मोटारसायकल एका वळणावर घसरली. मागें माझा धाकटा भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, बसला होता. मला थोडें खरचटलें. त्याचा गुडघा मात्र कायमचा अधू झाला. मागचा टायर मीं महिनाभरापूर्वींच, स्वस्त मिळाला म्हणून, घेतला होता. त्याच्या खांचा चांगल्या खोल होत्या. परंतु तो कित्येक वर्षें पडून राहिलेला माल होता, हें मला पुढें कळलें. तेव्हां पुतण्याला उत्तर देण्यापूर्वीं या वस्तूचा पूर्वेतिहास नीट पाहावा असें मीं ठरविलें. तोच आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवितो तिला आपण धांव म्हणतों. धांवेचें काम एकच : चाकाचें लांकूड झिजूं न देणें. रस्ता धरून ठेवण्याचें काम तिच्याकडे नाहीं. तें बैलांच्या खुरांकडे. जनावर गाडी ओढीत होतें तोंवर चाकानें केवळ फिरावें आणि टिकावें, एवढीच अपेक्षा होती. परंतु १८८५ सालीं गॉटलीब डाइमलर यानें जर्मनींत पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली, तेव्हां गाडीला पुढें लोटण्याचें कामहि चाकावरच पडलें. तिचीं चाकें लांकडी असून त्यांवर लोखंडी धांवच होती. टिकणें आणि पकडणें, हीं दोन कर्तव्यें त्या धांवेच्या वाट्याला एकदम आलीं. आणि लोखंडाला त्यांतील पहिलेंच काय तें साधत होतें. टायरचा पुढील सारा इतिहास म्हणजे या दोन कर्तव्यांतील भांडण मिटविण्याची खटपट होय.

लोखंडाच्या जागीं रबर आलें, पण तेंहि सहजासहजीं आलें नाहीं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होऊन वितळे आणि थंडींत ठिसूळ होऊन तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास १८३९ सालीं असें आढळून आलें कीं, गंधक मिसळून रबर तापविलें असतां तें दोन्ही ऋतूंत लवचीक राहतें. या शोधावर अनेक धनाढ्य झाले. स्वतः गुडइयर १८६० सालीं कर्जबाजारी स्थितींत वारला. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश इंजिनियरानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. रबर लावलेल्या कापडाची नळी, तींत हवा आणि वरून चामड्याचें वेष्टन, अशी त्याची रचना होती. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोडागाड्यांवर तिचे प्रयोगहि झाले. परंतु सायकल अद्याप जन्मावयाची होती आणि घोड्याला या सुखाची गरज नव्हती. शोध कागदपत्रांत पडून राहिला.

पुढें चाळीस वर्षांनीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेच्या नळ्या बसविल्या. १८८८ सालीं त्याला पेटंट मिळालें. परंतु टॉमसनचा जुना शोध उजेडांत आल्यावर तें रद्द ठरलें. १८८९ सालीं विली ह्यूम या सायकलपटूनें बेलफास्टच्या शर्यती याच टायरांवर जिंकल्या. आरंभीं हसणारे लोक निकालानंतर गप्प बसले. डनलॉपचा टायर कड्याला चिकटविलेला असे, म्हणून पंक्चर काढणें म्हणजे कित्येक तासांचें काम. फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील मिशेलीन बंधूंनीं १८९१ सालीं काढतां-घालतां येणारा टायर बनविला आणि त्याच वर्षीं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ यानें त्यावर जिंकली. १८९४ सालीं म्युनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं विक्रीसाठीं मोटारसायकली तयार केल्या, त्यांना हवेचेच टायर होते.

येथवरची कथा सुखाची आहे. परंतु एंजिनाचा जोर वाढूं लागला तसें जुनें भांडण पुन्हां उफाळलें. १९०७ सालीं आइल ऑफ मॅन बेटावर टी.टी. नांवाची मोटारसायकलींची शर्यत प्रथम झाली. तींत दोन सिलिंडरांच्या गाड्यांच्या वर्गांत रेम फाउलर हा विजयी झाला. पण वाटेंत टायर फुटून तो आपटला होता. रबर रस्ता धरी, पण टिकत नसे. त्या काळचे टायर काळे नव्हते. रबराचा मूळ रंग फिकट आणि त्यांत जस्ताची भस्म मिसळलेली, म्हणून ते पांढुरके दिसत. मिशेलीनचा टायरांचा प्रसिद्ध पुतळा पांढरा आहे तो याच कारणानें. त्याचा जन्म १८९८ चा. १९०४ सालीं इंग्लंडांतील सिल्व्हरटाउन येथील कारखान्यांत एस. सी. मोट या रसायनज्ञास असें दिसलें कीं, रबरांत बारीक काजळी मिसळली म्हणजे त्याचा कणखरपणा अतिशय वाढतो. पुढील दहा-पंधरा वर्षांत टायर काळे झाले आणि त्यांचें आयुष्य कित्येक पटींनीं वाढलें. टिकाऊपणाचा हा पहिला मोठा विजय.

या विजयाची एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. टायरांसाठीं रबराची मागणी वाढली, तेव्हां आफ्रिकेंतील काँगोच्या रानांत, बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलाखालीं, चीक गोळा करविण्यासाठीं माणसांवर जे जुलूम झाले त्यांची हकीकत रॉजर केसमेंट यानें १९०४ सालच्या आपल्या अहवालांत नमूद केली आहे. चाकाखालचा हा मऊपणा कोणाच्या तरी पाठीवरून आला होता.

आतां दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे पकडीकडे वळूं. रबर रस्ता धरतें म्हणजे नक्की काय करतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, तें केवळ चिकटतें. परंतु तसें असतें तर ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर येतांच पकड अगदींच सुटावयास पाहिजे होती. केंब्रिज येथील पदार्थविज्ञानवेत्ता डेव्हिड टेबर आणि त्याचा सहकारी ग्रीनवुड यांनीं १९५८ सालीं दाखविलें कीं, रबरावर तेलकट थर देऊन त्यावरून कठीण गोळा घसरविला तरी त्याला विरोध होतोच. कारण रबर दाबण्यास जी शक्ति लागते ती सगळी तें परत देत नाहीं. कांहीं भाग उष्णता होऊन आंतच मुरतो. रस्त्याची खडी टायरमध्यें रुतते आणि रबर आळसानें पूर्वस्थितीला येतें. हा आळस म्हणजेच ओल्या रस्त्यावरील पकडीचा मोठा आधार. अधिक आळशी रबर अधिक धरतें. परंतु तें तापतेंहि अधिक. आणि अशीं रबरें बहुधा मऊ असल्यामुळें लवकर झिजतात. पुतण्याला दुकानांत जो पेंच पडला त्याचें मूळ हें. दुकानदार कांहीं लबाडी करीत नव्हता. हा पेंच पदार्थाच्या स्वभावांतच आहे.

मोटारीला या पेंचांतून सुटणें त्यांतल्या त्यांत सोपें आहे. तिला चार चाकें आहेत आणि ती वळतांना कलत नाहीं. मोटारसायकलीचा सारा भार तळहाताएवढ्या दोन ठशांवर असतो आणि वळणावर ते ठसे टायरच्या मध्यावरून कडेकडे सरकतात. म्हणून मिशेलीनचा रेडियल टायर मोटारींना १९४९ पासून मिळूं लागला, पण रस्त्यावरील मोटारसायकलींना तो लाभावयास १९८४ च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला. जुन्या टायरांतील दोऱ्यांचे थर एकमेकांस तिरपे छेदीत व घांसून तापत. रेडियलमध्यें दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, त्यामुळें उष्णता कमी होते. तितकें अधिक मऊ रबर वर लावण्याची सोय झाली.

ही सोय हवीच होती. १९७६ सालीं बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें आर १०० आर.एस. ही वारा अडविणाऱ्या पूर्ण कवचाची मोटारसायकल काढली आणि सामानासह दिवसाकाठीं शेंकडों किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाड्यांचा वर्ग रूढ झाला. अशा गाडीचा टायर सरळ रस्त्यावर मधोमध झिजून सपाट होतो आणि घाट आला म्हणजे गाडी कलावयास कुरकुर करते. यावर चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तोड निघाली ती अशी : एकाच टायरच्या मध्यभागीं कठीण रबर आणि दोन्ही कडांना मऊ. शिवाय १९९२ सालीं मिशेलीननें मोटारींच्या टायरांत काजळीच्या जोडीला सिलिका आणली होती, तिचाहि लाभ येथें झाला. सिलिकेमुळें थंड व ओल्या रस्त्यावर पकड सुधारते आणि सरळ चालतांना शक्ति कमी वाया जाते. भांडण मिटलें नाहीं; दोन भावांनीं एका घरांत भिंत घालावी तसें झालें.

मग पुतण्याला मीं काय सांगितलें? प्रथम त्याचा जुना टायर पाहिला. जुना टायर म्हणजे स्वाराची रोजनिशी होय. मध्य अगदीं सपाट, कडा जवळजवळ कोऱ्या. म्हणजे शंभरांतले नव्वद किलोमीटर हा मुलगा पुणें-कोल्हापूर अशा सरळ रस्त्यानें जातो. हिशेबानें पाहतां टिकाऊ जोडच त्याला योग्य. परंतु उरलेले दहा किलोमीटर कोंकणांत उतरणाऱ्या घाटांचे, तेहि पावसांतले. आणि माणूस पडतो तो त्या दहांत. तेव्हां मध्यें कठीण व कडांना मऊ, ओल्या रस्त्यासाठीं पुरेशा खांचा असलेला जोड घे, असें मीं सांगितलें. आणि पुढचा व मागचा एकाच जातीचे घे, म्हणजे दोहोंची चाल जुळेल.

आकार व भार यांत तडजोड नको, हेंहि बजावलें. टायरवर '१२०/७० झेडआर १७' असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ रुंदी १२० मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या शेंकडा ७०, रेडियल बांधणी आणि १७ इंचांचें चाक. पुढें ५८ हा आंकडा असेल तर तो टायर २३६ किलो भार सोसतो. मागच्यावर ७३ असेल तर ३६५ किलो. गाडीच्या पुस्तिकेंत दिलें असेल त्याहून कमी आंकडा कधींहि घेऊं नये. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशें किलोमीटर तरी गाडी बेतानें कलवावी.

राहिली एक गोष्ट, आणि ती माझ्या भावानें केली. टायरच्या बाजूवर त्याच्या जन्माचे चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात, पुढचे दोन वर्ष. २००० सालापासून ही पद्धत आहे. मला १९८४ सालीं इतकें सोपें साधन नव्हतें. खांचेची खोली डोळ्यांना दिसते, पण रबराचें वय दिसत नाहीं; आणि पडून राहिलेलें रबर कठीण होत जातें, त्याचा तो उपयुक्त आळस निघून जातो. दुकानांत आम्ही तिघेहि गेलों होतों. भाऊ आपला ताठ पाय बाजूला पसरून खालीं बसला, चष्मा पुसला आणि दोन्ही टायरांवरचे आंकडे मोठ्यानें वाचले. पहिला जोड त्यानें परत केला. दुसऱ्यावरील आंकडे वाचून झाल्यावर तो मुलाला म्हणाला, "आतां दे पैसे."