लीबिगचा नत्रवाद आणि ब्रॉडबॉकचे शेत

१८४३ च्या शरदात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे, ब्रॉडबॉक नावाच्या शेतात प्रयोगासाठी गहू पेरला गेला. तो प्रयोग आजही चालू आहे. त्याच्या मुळाशी एक कडवा वाद होता.

वनस्पतीच्या देहातील कार्बन हवेतून येतो, हे जिनिव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूरने १८०४ मध्येच मोजमापांनिशी दाखवले होते. पण हवा सर्व शेतांवर सारखीच. मग एका शेतात पीक डोलते आणि बांधापलीकडे ते खुरटते, हे कसे?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याचे उत्तर ठाम होते: जो पोषक घटक सर्वांत तुटपुंजा, तोच पिकाची मर्यादा ठरवतो. (हे तत्त्व कार्ल स्प्रेंगेलने आधीच, १८२८ च्या सुमारास मांडले होते, नाव मात्र लीबिगचे झाले.) तत्त्व खरे, पण तुटपुंजे काय, हे ओळखण्यात लीबिग फसला. नत्र हवेतून आणि पावसातून पुरेसे मिळते, शेताला केवळ खनिजे द्यावीत, असे त्याचे मत. १८४५ मध्ये त्याचे पेटंट खत इंग्लंडमध्ये विक्रीस आले. खनिजे पावसात वाहून जाऊ नयेत म्हणून ती वितळवून एकजीव केली होती; परिणामी ती पाण्यात विरघळेनात आणि पिकाला मिळेनात.

रॉथॅमस्टेडचा जमीनदार जॉन बेनेट लॉज हा स्वतः सुपर फॉस्फेटचा कारखानदार. तेव्हा तो अगदीच निःस्वार्थी पंच नव्हता. त्याचा सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा तर लीबिगचाच विद्यार्थी! दोघांनी शेताचे पट्टे पाडले: एकाला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला नुसती खनिजे, काहींना खनिजांसोबत अमोनियाचे क्षार. नुसत्या खनिजांनी गव्हाचे उत्पन्न फारसे वाढले नाही. नत्र मिळताच ते झपाट्याने वाढले. लीबिगने मात्र अनेक वर्षे हार मानली नाही.

एक कोडे उरलेच. क्लोव्हर आणि वाटाण्याला नत्राची वाण का भासत नाही? लॉज, गिल्बर्ट आणि अमेरिकन इव्हान प्यू यांनी १८५७-५८ मध्ये काटेकोर प्रयोग केला. मातीतील नत्राचा अंशही राहू नये म्हणून ती भाजून घेतली. निष्कर्ष निघाला की वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत. भाजताना मातीतील सूक्ष्मजीवही नष्ट झाले होते, आणि खरे कर्ते तेच होते! १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी मुळांवरील गाठींचे रहस्य उलगडले.

ब्रॉडबॉकने पुढे कार्बनचा हिशेबही दिला. दरवर्षी शेणखत मिळणाऱ्या पट्ट्यातील मातीत सेंद्रिय कार्बन बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक साठला. १८८२ मध्ये शेताच्या एका टोकाचा गहू न कापता तसाच सोडला गेला. चारच वर्षांत तेथे गव्हाची मोजकी खुरटी रोपे उरली. पुढे त्या तुकड्याच्या एका भागात दाट झाडी माजली आणि तेथील मातीतही कार्बन वाढत गेला.

लॉज आणि गिल्बर्टने धान्य, पेंढा आणि मातीचे नमुने जपून ठेवले होते; आज त्या संग्रहात सुमारे तीन लाख नमुने आहेत. विसाव्या शतकात अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, तेव्हा चाचण्यांपूर्वीची आणि नंतरची माती शेजारी ठेवून तपासता आली. त्यावरून मातीत शिरलेला कार्बन किती काळ टिकतो, याचे गणित जेंकिन्सन आणि रेनर यांनी १९७७ मध्ये मांडले.